शुभेच्छुकांच्या रांगेतला आर्यन

“मॅडम, डेटिंग अ‍ॅपवरचा माणूस खरा आहे की खोटा, हे बाईनं ओळखायचं कसं?”

हा प्रश्न मी विचारला. भर सभागृहात, उभं राहून, माइक हातात घेऊन. विचारायला लावला माझ्या मैत्रिणींनी, हर्षलानं आणि रूपानं. मी विचारला तर दोघींनी आठवडाभर माझं दप्तर वाहायचं आणि नाही विचारला तर मी आठवडाभर ‘भित्री भागूबाई’ या नावाला ओ द्यायची, अशी पैज होती. गेल्या वर्षीची मी असते तर मुकाट्यानं ओ दिली असती. पण यंदा मी नववीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आलेय (पहिल्या आलेल्या मुलाचे काका परीक्षक होते, यावर मी जास्त बोलणार नाही), आणि माइक हातात आला की माझे पाय आता थरथरत नाहीत, उलट माइकच थरथरतो.

मुख्याध्यापिका बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. सायबरवाल्या पोलीस मॅडम मात्र तोवर पेंगणाऱ्या पोरींना पासवर्ड समजावून कंटाळलेल्या होत्या, त्या एकदम खुलल्या. म्हणाल्या, “शाब्बास! खाली बस, उत्तर लांब आहे.”

आणि खरंच लांब होतं. अठरा पूर्ण होईपर्यंत त्या अ‍ॅपच्या वाटेला जायचंच नाही, हे पहिलं. मोठ्या बायकांनी जावं, काही गुन्हा नाही. पण नंबर, पत्ता, कामाचं ठिकाण लगेच द्यायचं नाही. समोरच्याचा फोटो इंटरनेटवर शोधून बघायचा. जो व्हिडिओ कॉल टाळतो, तो माणूस नसतोच असं धरून चालायचं. लिंक आली तर दाबायची नाही. भेटायचं तर दिवसाउजेडी, चारचौघांत, एका विश्वासू माणसाला सांगून, त्याला लाइव्ह लोकेशन देऊन. आणि काही विपरीत झालंच तर लाजायचं नाही: आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

मी जिंकले. दप्तर हर्षलाच्या खांद्यावर टाकून राणीसारखी घरी निघाले. आमच्या कर्जतमध्ये बातमी माणसाच्या आधी घरी पोचते हे मी विसरले होते. मी कोपऱ्यावर येईपर्यंत शेजारच्या विमलबाई फाटकात उभ्या.

“काय गं रुचिता, मोबाइलवर लग्न जमवलंस म्हनं? पोरगा काय करतो?”

घरात तर मुख्याध्यापिका बाईंचा फोनच येऊन गेला होता. आईनं माझा फोन (म्हणजे तिचाच जुना, काचेला तडा गेलेला) हातातून घेतला, लोखंडी कपाटात पैठणीखाली ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. बाबा कचेरीत क्लार्क आहेत. ते रागावत नाहीत, ते कार्यवाही करतात. म्हणाले, “सदर प्रश्न कोणत्या हेतूनं विचारला, याचा लेखी खुलासा दे.”

मी दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, “समाधानकारक नाही.”

मी रडले वगैरे नाही. पण ज्या मुलीनं आयुष्यात एकही डेटिंग अ‍ॅप उघडलेलं नाही, तिला आईनं आमटी वाढताना “हं, घे” एवढंच म्हणावं, ही शोकांतिकाच आहे. आजूबाजूच्या सगळ्यांनी मला विचारलं, की असला प्रश्न विचारलास कसा. उत्तर काय मिळालं, हे एकीनंही विचारलं नाही.

एकीनं विचारलं. संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते, तर दर्शनाआत्या वर आली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. खोपोलीला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते, आमच्याकडेच राहते. वय तेहतीस. आजवर तिला बघायला इतके लोक येऊन गेले आहेत, की आमच्याकडे पोह्यांची बरणी कधी रिकामी ठेवत नाहीत. आत्यानं दोरीवरचा एक कोरडा टॉवेल काढला, घडी घातली, उलगडली, परत घडी घातली.

“मॅडमनी उत्तर काय दिलं गं?”

माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

“आत्या! तू?”

“हळू बोल! विमलबाईंचे कान गच्चीपर्यंत येतात.”

मग तिनं फोनवर दाखवला. आर्यन. समुद्रात तेल काढतात त्या प्लॅटफॉर्मवर इंजिनिअर. दोन महिने रोज गप्पा. तुझ्या आवाजात लाटा ऐकू येतात म्हणे. (आत्याचा आवाज मी रोज पहाटे ऐकते. ‘बादली कोणी उचलली’ असा असतो.) व्हिडिओ कॉल म्हटलं की समुद्रात नेटवर्क नाही. आणि आता त्यानं एक लिंक पाठवली होती: हे खास कॉलिंग अ‍ॅप उतरवून घे, समुद्रात फक्त हेच चालतं, रविवारपर्यंत घेतलं नाहीस तर तुझा माझ्यावर विश्वास नाही असं मी समजेन.

“मॅडम म्हणाल्या, लिंक दाबायची नाही,” मी म्हणाले.

“मला काय कळत नाही का? मी रोज रिपोर्ट देते लोकांना, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह,” आत्या म्हणाली. आणि मग एकदम बारीक आवाजात, “पण रुचू, खरा असला तर? आजवर कोणी मला, तुला काय आवडतं, असं विचारलंच नव्हतं. पोह्यात मीठ कमी आहे एवढंच सांगून गेले सगळे.”

अंगठा त्या लिंकच्या वर तरंगत होता. आणि रविवार परवावर आला होता. मी तिथल्या तिथे ठरवलं. हा आर्यन खरा निघो नाहीतर खोटा, पण आत्यानं अंगठा टेकवायच्या आत तो मी शोधून काढणार!

पहिली पायरी, फोटो शोध. आत्याच्या फोनवर फोटो टाकला. इंटरनेटनं त्याच्यामागे होता तसल्याच निळ्या रंगाचे शर्ट विकायला काढले. माणूस कुठेच नाही. मग मी फोटो मोठा करून नीट पाहिला, आणि माझ्या डोक्यात टणकन घंटा वाजली. या माणसानं कोट घातला होता, मान किंचित तिरकी होती आणि मोबाइल कानाला लावला होता.

आता विचार करा. बोलायचं असताना कोणी फोटो काढत नाही आणि फोटो काढताना कोणी बोलत नाही. मोबाइल कानाला लावून, लांब कुठेतरी विकासाकडे बघत काढलेला फोटो आपल्याकडे एकाच कामाला लागतो. फ्लेक्सच्या!

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघी साईनाथदादाच्या फ्लेक्सच्या दुकानात. साईनाथदादा खुर्चीत रेलून म्हणाला, “पोलिसांकडं नसतील तेवढी तोंडं माझ्या कॉम्प्युटरमध्ये हायेत. वाढदिवस, जयंती, श्रद्धांजली. मानूस जल्मला की माझ्याकडं येतो आनि गेला की परत येतो.” फोटो बघून त्यानं डोळे मिटले, दोनतीन फोल्डर उघडले आणि पडद्यावर गेल्या वर्षीच्या भीमजयंतीचा फ्लेक्स आला. वर बाबासाहेब, खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. तिसऱ्या रांगेत आर्यन! तोच कोट, तीच मान, तोच मोबाइल. मागचा निळा रंग समुद्राचा नव्हता, फ्लेक्सचा होता. खाली नाव: चंदर, शेलू. हा फ्लेक्स कोणीतरी फेसबुकवर टाकला होता, तिथून आर्यननं चेहरा उचलला असणार. किंवा हा चंदरच आर्यन असणार!

“म्हणजे तेलाचा इंजिनिअर शेलूला राहतो?” आत्या म्हणाली. तिचा चेहरा बघून मला कळेना, की ती चिडलीय की थोडीशी खूश झालीय. शेलू समुद्रापेक्षा जवळ, हे खरंच.

जायचं ठरलं. पण नियमानं! दिवसाउजेडी, चारचौघांत, एका विश्वासू माणसाला सांगून. विश्वासू माणूस कोण? आईला सांगितलं तर ती बाबांना सांगणार आणि बाबा खुलासा मागणार. माझा फोन पैठणीखाली. शेवटी आत्यानं विमलबाईंना निवडलं. इथे आमचं चुकलं, हे मी मोठ्या मनानं मान्य करते. आत्यानं त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं, लाइव्ह लोकेशन लावून दिलं आणि बजावलं, “कुणाला एक शब्द बोलायचा नाही.”

“नातवाची शपथ. तोंडातनं शब्द नाय काढनार,” विमलबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी शपथ पाळली. शब्द काढला नाहीच. फक्त त्या दुपारी बचत गटाची बैठक होती, तर त्यांनी फोन सतरंजीच्या मधोमध ठेवला. पडद्यावर आत्याचा छोटा फोटो नकाशावर सरकत होता. सगळ्या बायका भोवती बसल्या. माझी आई त्या गटाची सचिव. तिला आम्ही सांगून गेलो होतो की कोंडाण्याच्या लेण्यांवर प्रकल्प आहे, माहिती घ्यायला जातो. लेण्यांना निघालेली नणंद भिवपुरी ओलांडून नेरळकडे कशी सरकतेय, हे आईनं सतरंजीवर बसून पाहिलं.

इकडे आम्ही शेलूला. नव्या बिल्डिंगा, सगळ्या एकाच पिस्ता रंगाच्या. चंदर सापडायला वेळ लागला नाही, कारण चहाच्या टपरीवर विचारलं तर टपरीवाल्यानं तिथूनच वर हाक मारली, “ओ चंदरकाका, दोन पोरी आल्यात!” ही हाक त्यानं दिली नसती तर पुढचं बरंच वाचलं असतं.

काका खाली आले. साठी उलटलेली, टक्कल, आणि मिशी अशी की तीत आर्यन मावला असता. फोटोतला माणूस हा नव्हताच! पाठोपाठ त्यांची बायको, भीमाबाई, हातात कणकेचा गोळा तसाच.

“काका, तुम्ही आर्यन का?” मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं.

“कोन आर्यन?”

“डेटिंग अ‍ॅपवरचे. समुद्रातलं तेल काढणारे.”

टपरीवर चहा पिणारे सगळे जण आमच्याकडे वळले. चारचौघांत भेटायचं असतं ते का, हे मला तेव्हा कळलं; पण त्या नियमात काकांच्या अब्रूचाही विचार करायला हवा होता.

“कसलं आप?” भीमाबाई म्हणाल्या. “रोज सकाळी चालायला जातो म्हंता, ते याच्यासाठी? आनि तेलाचं काय म्हनाली ही? घरातलं गोडं तेल संपलं तर चार दिवस आनत नाय हा मानूस, समुद्रातनं काय काढतो?”

“अगं भीमा, मला फोन लावता येत नाय, तू लावून देतीस!”

त्यांची उलटतपासणी चांगलीच रंगली. आत्या “नाही हो, गैरसमज” म्हणत राहिली, तेवढ्यात तिचा फोन बंद पडला. बॅटरी संपली. आमच्या लेखी एवढंच झालं. पण तिकडे सतरंजीवर आत्याचा फोटो शेलूच्या एका गल्लीत थिजला.

“हालत नाय गं पोर!” विमलबाई किंचाळल्या म्हणे. तिथे त्यांची शपथ संपली आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. भाजीवाल्या सदूचा टेंपो बाहेर उभाच होता. इकडे भीमाबाईंनी काकांना रोज सकाळच्या चालण्याचा रस्ता नकाशासारखा सांगायला लावला, त्यात कोणकोणती घरं लागतात तेही झालं, तोवर टेंपो टपरीसमोर येऊन थांबला. मागून एकेक बाई कोबीच्या पोत्यांमधून उतरली. विमलबाईंच्या हातात बैठकीची पितळी घंटा होती. सगळ्यांत शेवटी आई.

“दर्शना!” आई म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. मग परत आत्याकडे. आईला हिशेब लागला. “म्हणजे तो प्रश्न...”

“मी नुसता पैजेवर विचारला होता,” मी म्हणाले. “उत्तर आत्याच्या कामाला आलं.”

आईनं माझ्या डोक्यावर चिकटलेलं पान काढलं. दोन दिवसांत तिनं मला पहिल्यांदा हात लावला होता.

तिकडे बायकांनी चंदरकाकांना घेरलं होतं आणि विमलबाई घंटा वाजवत होत्या, का ते कोणालाच माहीत नव्हतं. “हाच काय गं तो? ह्याला समुद्रात कोन ठेवील?” काका शेवटी बाकावर चढले आणि ओरडले, “तो फ्लेक्स! सगळी चूक त्या फ्लेक्सची हाय! आमी वर्षभर बोंबलतोय!”

त्यांचं दुःख असं होतं. साईनाथदादानं तिसऱ्या रांगेतली सगळी नावं एक घर सरकवून छापली होती. काकांच्या नावाच्या वर तोंड पोशीरच्या नरेशचं. आणि काकांच्या तोंडाखाली, म्हणजे त्या मिशीखाली, लिहिलं होतं: बालकलाकार कु. हिरू.

“जयंतीच्या मिरवनुकीत लोकं मला विचारत होती, हिरूबाळ, डान्स कधी हाय?” काकांचा आवाज फुटला. भीमाबाईंनी कणकेचा गोळा दुसऱ्या हातात घेतला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नवऱ्याचं तोंडच चोरीला गेलेलं, त्याच्यावर आणखी काय रागवायचं!

“मग चला पोशीरला,” मी म्हणाले.

आईनं आधी नकार दिला. मग टेंपोकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. “आता निघालोच आहोत तर,” म्हणाली. जगातली निम्मी कामं याच वाक्यावर होतात. चंदरकाका आणि भीमाबाईही चढले. काकांना आपल्या नावावरचं तोंड एकदा समोरासमोर बघायचं होतं.

पोशीरला समाजमंदिराच्या बाहेर एक माणूस शिडीवर चढून वायर जोडत होता. त्यानं खाली पाहिलं, तर टेंपोभर बायका, एक घंटा आणि कणीक. तो वरच थांबला. तोच चेहरा! कोट नव्हता, मोबाइल नव्हता, तोंडात टेस्टर धरलेला होता.

“नरेश तुमीच काय?” विमलबाईंनी घंटा वाजवली.

“व्हय. पन बिल भरलंय आमी,” तो टेस्टर काढून म्हणाला.

सगळं सांगितल्यावर तो खाली आला. आधी चिडला. “माझा फोटो? माझ्या इचारल्याबिगर? किती बायांना फसवलं असंल माझ्या तोंडानं!” मग जरा थांबून, कानामागे खाजवत, “पन त्याला एवढ्या फोटोंमधनं माझाच आवडला म्हना.” इंजिनिअर आहे का विचारलं तर म्हणाला, “वायरमन हाय. समुद्र एकदाच बघितला, अलिबागला, शाळेच्या ट्रिपला. उलटी झाली.”

आत्या हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

नरेशनं सगळ्यांना समाजमंदिरात बसवून चहा मागवला आणि आत्याचा फोन चार्जिंगला लावून दिला. चालू होताच टिंग, टिंग, टिंग. आर्यन. ‘लिंक उघडलीस का?’ ‘मी लाटांकडे बघतोय.’ ‘तुझा विश्वास नाही तर सांग.’ बायका फोनवर अशा वाकल्या की समाजमंदिरात अंधार झाला. आत्यानं लिहिलं, ‘आत्ता व्हिडिओ कॉल कर.’ उत्तर आलं, नेटवर्क नाही.

“मेसेज येतंय नि कॉल येत नाय?” नरेश म्हणाला. “अशी कसली वायरिंग?”

आत्याचा अंगठा परत तरंगत होता, पण या वेळी लिंकवर नाही, कॅमेऱ्यावर. तिनं नरेशला विचारलं, “तुमचा एक फोटो काढू? तसाच, मोबाइल कानाला लावून?” त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं, मान तिरकी केली आणि विकासाकडे पाहिलं. आत्यानं फोटो काढला.

“आधी स्क्रीनशॉट!” मी ओरडले. “सगळ्या गप्पांचे! प्रोफाइलचा! लिंकचा पण, न दाबता!”

सगळे झाले. मग तिनं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: ‘आर्यन, तुझं तोंड माझ्यासमोर बसलंय. चहा पितंय. तू कोण?’

निळ्या खुणा उमटल्या. टायपिंग दिसलं, गेलं, परत दिसलं, परत गेलं. आणि मग प्रोफाइलच गायब: आर्यन त्याच्या प्लॅटफॉर्मसकट बुडाला. टेंपोतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, विमलबाईंनी घंटा. आत्यानं पदराखाली, म्हणजे ओढणीखाली, डोळे पुसले. दोन महिन्यांच्या गप्पा होत्या त्या, कितीही खोट्या असल्या तरी. भीमाबाई तिच्याशेजारी बसून राहिल्या.

तिथूनच आत्यानं १९३० ला फोन केला आणि मग आम्ही सगळे पोलीस ठाण्यात. बाबा कचेरीतून परस्पर तिथे आले. टेबलामागचे हवालदार भले माणूस होते, पण पेचात पडले. “नुकसान काय झालं?” “झालं नाही, वाचलं.” “मग तक्रारदार कोण? जिला फसवत होते ती, का ज्याचं तोंड गेलं तो?” “दोघं,” नरेश म्हणाला. “आनि मी पन,” चंदरकाका मागून म्हणाले, “माझं बी तोंड हिरूकडं हाय.” हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात आतून त्या सायबरवाल्या मॅडम आल्या. मला पाहून थबकल्या. “अगं, तो प्रश्न विचारणारी तूच ना? इतक्या शाळा फिरले, तेवढा एकच प्रश्न कामाचा आला!” त्यांनी स्क्रीनशॉट पाहिले, तक्रार नीट लिहून घ्यायला लावली आणि आत्याला म्हणाल्या, “लिंक दाबली असती तर तुमचा अख्खा फोन त्याच्या हातात गेला असता. सगळं बरोबर केलंत.”

बाबांनी हे ऐकलं. मी त्यांच्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाले, “खुलासा समाधानकारक आहे का?” त्यांनी घसा खाकरला.

पण घरी आल्यावर परत कार्यवाही! बाबा म्हणाले, “दर्शना, झालं ते झालं. अ‍ॅप काढून टाक. फोनही काही दिवस कपाटात राहू दे.” त्याच वेळी आत्याच्या फोनवर मेसेज आला. नरेशचा. तक्रारीसाठी दोघांनी नंबर घेतले होते. ‘जय भीम. तुमी म्हनाल तिथं चहाला भेटू का? मी खरा हाय का ते तपासून घ्या. तुमी पन खऱ्या कशावरनं, ते मी इचारीन.’

आत्यानं तो मोठ्यानं वाचला. गाल लाल. “मला भेटायचंय,” ती म्हणाली. “चेहरा ओळखीचा आहे, पण माणूस मी पहिल्यापासून तपासणार. त्याच्या कामाच्या जागी विचारणार, व्हिडिओ कॉल करणार, मग भेटणार.”

“काही गरज नाही,” बाबा म्हणाले. “मी आणि चंदरराव पोशीरला जाऊन चौकशी करू. मग बघण्याचा कार्यक्रम रीतसर...”

“पोहे आहेत घरात,” आई सवयीनं म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

आत्या खाली बघायला लागली. पोहे म्हटलं की ती तशीच बघते. तिच्या टॉवेलची परत घडी घातली जाणार, परत उलगडली जाणार, हे मला दिसलं. मग मी खुर्चीवर चढले. चंदरकाका बाकावर चढले होते, म्हणून असेल. माइक नव्हता, पण आता मला माइक लागत नाही.

“आई, बाबा,” मी म्हणाले, “माझा निर्णय झालाय. आत्या पुढच्या रविवारी नरेशला भेटणार. स्टेशनजवळच्या रसाच्या दुकानात, भर दुपारी, चारचौघांत. टेंपो येणार नाही. घंटा येणार नाही. नियम आहे, एका विश्वासू माणसाला सांगायचं. एकाच! तो माणूस मी. लाइव्ह लोकेशन माझ्याकडे राहील आणि ते मी कोणाला दाखवणार नाही, सतरंजीवर तर मुळीच नाही.”

मग मी आईसमोर हात पुढे केला.

“तेव्हा कपाटाची किल्ली दे. माझा फोन लागेल.”